पाऊण तासाचा अर्धा तास

टिक्.

शहाबादी फरशीवर मोहरीचा दाणा पडावा तेवढाच आवाज. पण एप्रिलातल्या दुपारी अडीच वाजता अंबडच्या त्या घरात इतकी शांतता होती, की तो स्वयंपाकघरापर्यंत गेला. त्यापाठोपाठ देवानंद सरांचा आवाज आला, तो मात्र गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

“हलू नका कोणी! जिथं हायेत तिथंच राहा!”

सत्यशीला ओले हात तसेच धरून मोरीपाशी थांबली. तिच्या सासूबाई द्वारकाबाई नुकत्या सतरंजीवर आडव्या होत होत्या, त्या अर्ध्यातच थांबल्या. ती अवस्था त्यांच्या कमरेला मानवणारी नव्हती आणि तसं त्यांनी मोठ्यानं सांगितलंही. पाच वर्षांची बेबी उंबऱ्यावर एक पाय वर घेऊन बगळ्यासारखी उभी राहिली. घरात ती एकटीच खूश होती.

देवानंद सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यामुळं त्यांनी घरातली कोणतीही वस्तू उघडली, की ती पुन्हा बंद व्हायला दोन-तीन महिने लागत. मिक्सर झाला होता, इस्त्री झाली होती. आता औरंगाबादहून जुना आणलेला संगणक उताणा पडला होता आणि त्याच्या पोटातून काहीतरी निसटून पलंगाखाली गेलं होतं.

ते काहीतरी म्हणजे ब्लाउजच्या हुकाएवढी एक काळी प्लास्टिकची टोपी. संगणकाच्या पोटात हिरव्या पाटीवर बारीक पितळी खिळे उभे असतात. त्यांतल्या कोणत्या दोन खिळ्यांवर ही टोपी बसवली, त्यावर संगणक किती जोरात पळणार ते ठरतं. हे ज्ञान सरांना स्टाफरूममधल्या एका मासिकातून मिळालं होतं. लेखाचं नाव होतं, ‘जुन्या संगणकाला द्या नवे तारुण्य, तेही एक रुपया न खर्चता!’ ज्या वाक्यात ‘एक रुपया न खर्चता’ येतं, त्याच्या पुढचं वाक्य अंबडात कुणी वाचत नाही. पुढचं वाक्य होतं, ‘हे ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर करावे.’

तारुण्याची गरज अर्थात संगणकाला नव्हती, सत्यशीलेच्या परीक्षेला होती. जालन्याच्या एका शिक्षण संस्थेत संगणकावर मराठी टाइप करणाऱ्याची एक जागा निघाली होती. जागा एकच. पाच जूनला चाचणी, दहा मिनिटं, मिनिटाला तीस शब्द. सत्यशीलेचा वेग होता बावीस. टाइप शिकवणाऱ्या प्रोग्रॅमवर दर वेळी शेवटी तो आकडा यायचा आणि ती दर वेळी तो पदरानं झाकल्यासारखी पडद्यापुढं वाकायची.

“तुझी बोटं चांगलीच हायेत,” सर म्हणाले होते, “मशीन हळू हाय. तू अक्षर दाबतेस आणि ते सावकाश जांभई देऊन बाहेर येतं.”

लग्नाला सात वर्षं झाल्यावर दोष आपल्यात नसून दुसऱ्या कशात आहे असं नवऱ्यानं म्हणावं, हे तिला इतकं नवीन होतं, की तिनं विरोध केला नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं. बाईनं कौतुकाला बळी पडू नये ते यासाठीच.

टोपी बेबीला सापडली. ती नव्या खिळ्यांवर बसली, डबा सुरू झाला, आणि एकशे सहासष्टच्या ठिकाणी पडद्यावर मशीनच्या वेगाचा दोनशे आठ हा आकडा आला. सरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

तीन वाजता सत्यशीला बसली. तीन ही तिची वेळ होती. द्वारकाबाईंनी ती सगळ्यांसमोर ठरवून दिली होती : “तीन ते साडेतीन. अर्धा घंटा म्हंजे अर्धा घंटा. साडेतीनला चहा ठेवायचा.” द्वारकाबाईंचा शब्द म्हणजे शब्द. त्यांना घड्याळाचे काटे नीट कळत नसत, आकडे मात्र कळत. म्हणून संगणक आल्यापासून त्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेवर खूश होत्या. तिथं तीन-तीस झाले की त्या आतून खोकत. त्या खोकल्याला अपील नव्हतं.

त्या दिवशी खोकला आला तेव्हा पडद्यावर आकडा होता तेहतीस.

सत्यशीलेनं तो पुन्हा वाचला. बावीसवरून तेहतीस, एकाच दुपारी. तिनं आपल्या बोटांकडं पाहिलं. तीच होती. करंगळीला सकाळी भाकरी थापताना बसलेला चटकासुद्धा होता.

“मी काय म्हणलो होतो?” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, की मिसेसचा स्पीड आपण पन्नास टक्क्यांनी वाढवला. टोपी जणू तिलाच बसवली होती. शेजारचे काकासाहेब तहसीलात कारकून होते. ते संध्याकाळी खास येऊन संगणकाला बघून गेले आणि जाताना म्हणाले, “सर, आमच्या घरी गव्हाच्या निवडण्याला असं काही बसवता येत असंल तर पाहा.”

वेग वाढला, तशी उष्णताही वाढली. अंबडचा मे महिना आणि संगणकाचं नवं तारुण्य एकदमच भरात आले. डब्याचं झाकण काढलं, पुढं टेबलफॅन लावला, तेवढ्यानं भागेना म्हणून मधल्या खोलीतला कूलर ओढत आणून त्याच्यापुढं ठेवला. घरातली माणसं घामानं निथळत होती आणि डबा वाळ्याच्या वासात गुरगुरत बसला होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाचीही कुणी एवढी सरबराई करत नाही. द्वारकाबाई तसं म्हणाल्यासुद्धा, पण सुनेचा आकडा रोज वर जात होता. छत्तीस, सदतीस. आणि गल्लीतल्या बायकांना तो आकडा सांगायला मिळत होता. त्यामुळं त्यांनी हातपंख्यावर भागवलं.

तक्रार होती ती फक्त बेबीची.

बेबीला आकडे येत होते. आईची दुपार कशी मोजायची हे तिला सत्यशीलेनंच शिकवलं होतं : त्या कोपऱ्यात तीन आणि मग तीस आलं, की आई तुझी. तोवर बेबी उंबऱ्यावर गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळत बसायची. एकदा गजगे खेळून झाले की पडद्याकडं बघायची. मग पुन्हा गजगे. शेवटी तिथं तीन-पंचवीस व्हायचे आणि ती विचारायची, “आता?”

“पाच मिनिटं, बाळा.”

चार-पाच दिवसांनी बेबीनं जाहीर केलं, “आई, तुझे पाच मिनिट मोठे झालेत.”

“मिनिटं मोठी होत नसतात, राणी. तू मोठी होऊन राहिलीस.”

“न्हाई. मी तेवढीच हाय. पहिले पाच मिनिटात माझे दोन डाव व्हायचे. आता तीन होतेत.”

यावर सत्यशीलेनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि टाइप करायचं वाक्य पूर्ण केलं. विज्ञानाच्या मास्तराच्या घरात एवढं स्वच्छ निरीक्षण इतक्या सहज वाया गेल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

आता कुणी विचारील, की त्या घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं काय? होतं. पण ते घड्याळ म्हणजे सत्यशीलेचे सासरे अप्पाराव यांची जहागीर. अप्पाराव एसटीत तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, हे लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावरही ते रोज अडीच ते पाच स्टँडवर जाऊन बाकावर बसत आणि कोणती गाडी किती लेट हे डायरीत टिपत. पगार बंद झाला म्हणून गाड्यांनी शेफारू नये, एवढाच हेतू. मनगटावर एचएमटीचं घड्याळ. ते रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावायचं आणि मगच चहा प्यायचा.

पण घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दहा मिनिटं पुढं ठेवलेलं होतं, घरच्यांनी जल्दी करावी म्हणून. पहिल्याच आठवड्यात घरच्यांनी त्यातून दहा वजा करायला सुरुवात केली. तेव्हापासून ते घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं आणि माणसं होती तिथंच. सगळ्या मध्यमवर्गात ही पद्धत आहे. आपणच फसवायचं आणि आपणच फसायचं नाही.

त्यामुळं झालं काय, की दुपारी पडद्यावर साडेतीन आणि भिंतीवर तीन-पंचावन्न असं सत्यशीलेनं वाचून दाखवलं तेव्हा कुणालाही संगणकाची शंका आली नाही.

“ह्यांनी अजून पुढं सरकवलं वाटतं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “म्हातारपणी माणसाची घाई वाढती.”

रात्री जेवताना अप्पारावांनी मुलाला झापलं. “घड्याळाला हात कोण लावून राह्यलं? दहा ठरलेत तर दहा. तुझी आई म्हणती पंचवीस झाल्ते.”

“मी कशाला लावू?”

सगळ्यांनी वर पाहिलं. घड्याळ एचएमटीच्या बरोबर दहा मिनिटं पुढं होतं. मग सगळ्यांनी द्वारकाबाईंकडं पाहिलं, आणि त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

मेच्या मध्यावर बिंग फुटलं ते लाइटमुळं. सत्यशीलेचा सराव ऐन रंगात होता आणि पडद्यावर तीन-वीस झाले होते, तेव्हा लाइट गेली. मिनिटभरात आली. सरांनी डबा पुन्हा सुरू केला. कोपऱ्यात वेळ आली : तीन-तेहतीस.

“बारा मिनिटं कुठं गेली?” सर म्हणाले.

उंबऱ्यावरून बेबी म्हणाली, “मी सांगत होते.” तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

सरांनी वसंताला बोलावलं. वसंता आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता संगणक. प्रत्येक बढतीबरोबर त्याची पाटी मोठी होत गेली होती, स्क्रू-ड्रायव्हर तोच होता. त्यानं डबा सुरू केला. पडद्यावरची वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली. सेकंदाला सेकंद जुळली.

“वेळ तर बराबर हाय, सर.”

“आत्ता हाय. मागून मागं पडती.”

वसंतानं चहा येईपर्यंत वाट पाहिली. चहा आला, पडद्यावर दोन मिनिटं कमी दिसली. “दोन मिनिटं तर माझंच घड्याळ इकडंतिकडं होतं,” तो म्हणाला. तरी आलोच आहोत तर रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यानं आतला बटणासारखा सेल बदलला. पुन्हा डबा सुरू केल्यावर पडद्यावर आलं : एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

“ऐंशी साली?” अप्पाराव स्टँडवरून नुकतेच आले होते. “एक जानेवारी ऐंशीला मी परतूर गाडी वेळेवर सोडल्ती. माझ्या लक्षात हाय.”

सरांनी तारीख बरोबर केली. दुसऱ्या दिवशी दुपारी वेळ पुन्हा मागं पडली. आजार तोच राहिला, फक्त सेल नवा आला.

मग गल्ली मदतीला धावली. झुंबरबाईंनी पलीकडून सांगितलं, की तोंड दक्षिणेला असलेली कोणतीच वस्तू पुढं जात नाही. डबा उत्तरेला फिरवला. आता सत्यशीलेला पडदा दिसायला भिंतीत घुसून बसावं लागलं, म्हणून तो पुन्हा दक्षिणेला फिरवला. काकासाहेबांनी खात्यातला माणूस म्हणून खात्यातलं निदान केलं. “करंटच कमजोर येऊन राह्यला, सर. मिनिटं आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच गळतेत. तुम्ही लेखी द्या. लेखी दिल्याशिवाय काही होत न्हाई.”

लेखी दिल्यावर काय होतं ते सरांना वीज कार्यालयात कळलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला होता : ‘माझ्या घरी रोज अंदाजे पंधरा मिनिटे कमी भरत आहेत.’

खिडकीतल्या बाबूनं तो दोनदा वाचला. “गुरुजी, आमच्याकडं युनिट कमी-जास्त झाल्याचा फॉर्म हाय. मिनिटांचा फॉर्म न्हाई.”

“पण मी विज्ञानाचा शिक्षक आहे.”

“मंग तर तुम्हाला समजायलाच पाह्यजे,” बाबू म्हणाला आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं. मागचा माणूस सरांच्याच नववी ब मधल्या एका मुलाचा बाप होता. सर घरी आले ते न जेवता झोपले.

पाच जूनला अकरा दिवस उरले होते. सत्यशीलेचा आकडा चाळीस झाला होता.

तेव्हा अप्पारावांनी प्रकरण हातात घेतलं. “उद्या मी स्टँडवर जात न्हाई,” ते म्हणाले. रिटायर झाल्यापासून असं एकदाच झालं होतं, तेव्हा हर्निया होता.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला ते खुर्ची टाकून संगणकाशेजारी बसले. गुडघ्यावर डायरी, मनगटावर एचएमटी. गळ्यात शिट्टी अडकवायची काही गरज नव्हती, पण ती होती. ठीक तीनला त्यांनी शिट्टी मारली, सत्यशीलेनं टाइप करायला सुरुवात केली. पडद्यावर पाच मिनिटं झाली की ते स्वतःचं घड्याळ बघत आणि टिपत. कपाळावरची आठी दर नोंदीला वाढत होती. पडद्यावर तीन-तीस झाले, आतून खोकला आला, आणि अप्पारावांनी डायरी वाचली.

“हिचे तीन-पाच, माझे तीन-साडेसात. हिचे तीन-दहा, माझे सव्वातीन. हिचे साडेतीन, माझे पावणेचार. ही गाडी रोज जागच्या जागी पंधरा मिनिटं लेट हाय. तेहतीस वर्षांत असली गाडी पाह्यली न्हाई.”

सरांनी धावत जाऊन ते मासिक आणलं. पहिल्यांदाच लेख शेवटपर्यंत वाचला. अगदी खाली बारीक अक्षरात होतं. डब्यात वेळा दोन असतात. एक सेलवरचं घड्याळ, ते कायम बरोबर. डबा सुरू होताना ते एकदा बघून घेतो आणि पुढची वेळ स्वतः तोंडी मोजतो. त्याला झेपणार नाही इतकं पळवलं, तर तो पळता पळता मोजायचं चुकतो. म्हणून सुरू केला की वेळ बरोबर, आणि चालत राहिला की मागं. वसंता दर वेळी बरोबर होता आणि दर वेळी उपयोगाचा नव्हता, त्याचं कारण हे.

हे सगळं सर उत्साहानं समजावून सांगत होते. सत्यशीला मात्र बोटांवर हिशोब करत होती. प्रोग्रॅम शब्द मोजायचा बरोबर, पण मिनिटं मोजायचा ह्याच डब्याच्या तोंडी घड्याळावर. त्याचं एक मिनिट म्हणजे आपलं दीड. म्हणजे चाळीस म्हणजे...

“सत्तावीसही भरत नाहीत,” ती म्हणाली.

सरांनी मासिक मिटलं.

त्या पहिल्या दुपारचे तेहतीस म्हणजे बावीसच होते. तेव्हा काहीच वाढलं नव्हतं. महिनाभर ती स्वयंपाक करताना, धुणं वाळत घालताना मनात म्हणत आली होती, चाळीसवाली बाई आहे मी. भाकरी थापतानासुद्धा ताठ उभी राहायला लागली होती. तिनं उठून पडद्यावर रुमाल टाकला. चूक आपल्यात नाही, दुसऱ्या कशात आहे, हे ऐकायला गोड वाटलं होतं. आता कळलं, वेगही आपल्यात नव्हता.

तेवढ्यात द्वारकाबाई आल्या. त्यांचाही हिशोब पूर्ण झाला होता.

“म्हंजे मी अर्धा घंटा देत होते आणि तू रोज पाऊण घेत होतीस!”

“आत्याबाई, मला काय माहीत...”

“रोजचे पंधरा मिनिट! महिनाभर! आणि मी इथं म्हणून राहिले, की चहाला एवढी तल्लफ का येती.”

सरांनी त्याच संध्याकाळी टोपी जुन्या खिळ्यांवर बसवली. फॅन हॉलमध्ये गेला, कूलर मधल्या खोलीत. दुसऱ्या दिवशी तीनला सत्यशीला बसली. अक्षरं जांभया देत बाहेर येऊ लागली. बेबीचे पाच मिनिटांत दोनच डाव झाले. तीन-तीसला खोकला आला तेव्हा ती जेमतेम हात गरम करून झाली होती. आकडा होता सव्वीस. तिनं उठून चहा ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा सव्वीस. त्या दिवशी साखर टाकायची राहिली, आणि द्वारकाबाईंनी तो चहा तसाच, शेवटपर्यंत प्यायला. ही घटना त्या घरात आजवर झाली नव्हती.

मग त्यांनी मुलाला हाक मारली.

“देवा, ती टोपी हाय ना, ती परत तिकडं लाव.”

“कुठं?”

“जिथं लावल्यावर डबा लेट चालायचा तिथं.”

“आई, अगं त्यानं आकडा खोटा येतो. त्यापेक्षा तू तिला पाऊण तासच...”

“मी अर्धा घंटा म्हणलेय.” द्वारकाबाईंनी बशी खाली ठेवली. “चारचौघात म्हणलेय. मी शब्द फिरवत नसते. अर्धा म्हंजे अर्धाच. तू फकस्त टोपी लाव. आणि आकडा काय, तो ह्यांच्या घड्याळावर मोजा. बसतेत तरी काय करत स्टँडावर.”

सत्यशीलेनं मोरीकडं तोंड केलं आणि भांडी बराच वेळ विसळली.

टोपी पुन्हा सरकली. फॅन आला, कूलर आला. उरलेले सात दिवस अप्पारावांनी स्टँडकडं पाठ फिरवली आणि रोज सुनेशेजारी शिट्टी घेऊन बसले. त्यांच्या मिनिटाला शिट्टी वाजायची, ती दचकून चार अक्षरं चुकायची. तिसऱ्या दिवसापासून दचकायची थांबली. गल्लीत लोक विचारू लागले, की सरांच्या घरी कबड्डी सुरू झाली काय. सत्तावीस. सत्तावीस. अठ्ठावीस. चार जूनला एकोणतीस आणि काही अक्षरं.

“एक शब्द कमी पडतो,” ती म्हणाली.

“ड्रायव्हर घाटात काढतो भरून,” अप्पाराव म्हणाले. जालन्याच्या वाटेवर घाट नाही, हे कुणी काढलं नाही.

त्या रात्री देवानंद सरांना पश्चात्ताप झाला. त्यांनी रेडिओच्या बातम्यांना घरातली सगळी घड्याळं बरोबर केली. हातातलं, गजराचं आणि भिंतीवरचंसुद्धा. पश्चात्तापाचा गाजावाजा करू नये म्हणून कुणाला सांगितलं नाही.

सकाळी जालना गाडी सात-दहाला होती. सत्यशीलेनं भिंतीवर पाहिलं, सहा-पंचावन्न. सवयीनं दहा वजा केले, पावणेसात. म्हणजे बेबीची वेणी घालून होते. वेणी झाली, रिबीन झाली, एक पापी झाली. पुन्हा वर पाहिलं. सात-पाच. म्हणजे सहा-पंचावन्न. स्टँड दहा मिनिटांवर. ती सावकाश चपला घालत होती तेव्हा दाढीचा फेस तोंडावर घेऊन सर बाहेर आले.

“तू अजून इथंच? सात-पाच झाले!”

“ते भिंतीवर.”

“भिंतीवर खरे हायेत!” सर ओरडले. “मी रात्री बरोबर लावलंय!”

महिनाभर खोट्या घड्याळानं जे नुकसान झालं नव्हतं ते एका खऱ्या घड्याळानं पाच मिनिटांत करून दाखवलं. सत्यशीला निऱ्या हातात धरून पळत सुटली. मागून तोंडाला फेस लावलेले देवानंद सर. नववी ब मधल्या दोघांनी ते दृश्य पाहिलं आणि शाळा उघडेपर्यंत जपून ठेवलं.

अप्पाराव त्या दिवशी सकाळी सहापासूनच स्टँडवर होते. त्यांनी तेहतीस वर्षांत गाडी कुणासाठी थांबवली नव्हती. एकदा तर स्वतःच्या व्याह्यांसाठी नव्हती, म्हणजे सत्यशीलेच्या वडिलांसाठीच. ते प्रकरण माहेरी अजून निघतं. सात-दहाला कंडक्टरनं घंटी दिली. ड्रायव्हरनं गियर टाकला.

अप्पाराव गाडीपुढं जाऊन उभे राहिले.

“थांब. डावीकडच्या टायरात हवा कमी दिसून राहिली.”

“अप्पा, काल तर...”

“काल काल होता.” त्यांनी वाकून टायरला एक लाथ मारली. ऐकलं. मग शेजारच्या टायरला मारली. मग सावकाश मागं गेले आणि मागच्या चारही टायरांना, एकेकाची विचारपूस केल्यासारखी, लाथ मारत आले. सहाव्या टायरला सत्यशीला फाटकातून आत शिरताना दिसली. केस सुटलेले, एक चप्पल हातात.

“बराबर हाय,” अप्पाराव म्हणाले. “जाऊ दे.”

सुनेकडं त्यांनी पाहिलंही नाही. डायरी काढून लिहिलं : जालना, ७.१३. तीन मिनिटं लेट. कारण, टायर तपासणी. आयुष्यात त्यांनी केलेली ही एकच खोटी नोंद. ती इतक्या स्वच्छ अक्षरात आहे, की खरीच वाटते.

जालन्याला परीक्षक बाईंच्या हातात स्टॉपवॉच होतं. खोलीत कूलर नव्हता, शिट्टी नव्हती, उंबऱ्यावर कुणी बसलं नव्हतं. इतक्या शांततेत टाइप करायची सत्यशीलेला सवय नव्हती. पहिलं मिनिट तर कुणी खोकतं का याची वाट बघण्यातच गेलं. मग बोटं आपली आपण निघाली. दहा मिनिटं संपली तेव्हा तिला वाटलं, एवढ्यात? तिच्या बोटांना मोठ्या मिनिटांची सवय झाली होती.

एकतीस. तिच्या पुढं कुणी नव्हतं.

जूनच्या शेवटी पत्र आलं : एक जुलैपासून रुजू व्हावे, वेळ दहा ते साडेपाच. देवानंद सरांनी ते गल्लीत वाचून दाखवलं. त्यांच्या सांगण्यात टोपीचा उल्लेख पुन्हा आला, वीज कार्यालयाचा आला नाही. अप्पारावांनी सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा सुवाच्य लिहून भिंतीवर लावल्या आणि घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढं केलं. घरात सगळ्यांना बरं वाटलं. द्वारकाबाई झुंबरबाईंना म्हणाल्या, “मी काही केलं न्हाई, बाई. अर्ध्या घंट्याच्या वर एक मिनिट दिलं न्हाई तिला.”

त्या दुपारी तीन वाजता सत्यशीला संगणकापुढं बसलीच नाही. बेबीशेजारी उंबऱ्यावर बसली आणि गजगे झेलू लागली. तिला चार झेलता येईनात. बेबीनं तिला दोनदा माफ केलं. तिसऱ्यांदा गजगे मुठीत धरून थांबली.

“आई, तू आता रोज जालन्याला जाणार?”

“हो. संध्याकाळच्या गाडीनं परत.”

“म्हंजे किती वेळ?”

“थोडाच. तू खेळशील, आज्जीजवळ झोपशील, उठशील, की आलेच मी.”

बेबीनं मागं वळून संगणकाकडं पाहिलं. तो बंद होता, पडद्यावर रुमाल होता. मग आईच्या तोंडाकडं पाहिलं, महिनाभर कोपऱ्यातल्या आकड्याकडं बघायची तसं, न हलता.

“आई, तिथल्या घड्याळाचे मिनिट मोठे असतेत का छोटे?”